चाळीस एकर द्राक्षबाग, ४३६ फोटो आणि ९७ डिग्रीवरचा लॅपटॉप : प्रकल्प नोंदी

१२ एप्रिल २०२५, शनिवार

मोहाडीच्या मामांचं काम घेतलंय. त्यांची सात एकर बाग आणि शेजारच्या चौघांची मिळून साधारण ४० एकर, खरड छाटणी आत्ताच उरकलीय, आणि प्रत्येक ओळीत किती नांगे पडलेत म्हणजे किती झाडं मेलीत ते नकाशावर मोजून द्यायचंय. नऊ बाय पाच फुटांची लागवड, म्हणजे एकरी ९६८ झाडं, चाळीस एकराला पायी फिरून मोजणं म्हणजे दोन माणसं चार दिवस आणि तरी पण आकडा भांडणाचाच. ड्रोन मित्राचा, उडवणारा पण तोच, ७० मीटरवरून ४३६ फोटो, २० मेगापिक्सेलचे, एका पिक्सेलला जमिनीवर साधारण २ सेंटिमीटर. माझं काम ते फोटो शिवून एक नकाशा करायचं, ओपनड्रोनमॅप नावाच्या सॉफ्टवेअरमधे.

लॅपटॉप आहे इंटेल आय७-१२७००एच वाला, तीन वर्ष जुना, ३२ जीबी रॅम, उबंटू. कागदावर दणकट, ६ मोठे कोर ८ छोटे कोर, २० थ्रेड म्हणजे एका वेळी वीस कामं, ४.७ गिगाहर्ट्झपर्यंत पळतो वगैरे. दुपारी दोनला जॉब (म्हणजे हे फोटो शिवायचं काम) लावला, खोलीत ३६ डिग्री (आईच्या कूलरमधे पाणी नव्हतं), आणि पाच मिनिटात पंखा असा ओरडायला लागला की आई आतून म्हणाली मिक्सर बंद कर आधी.

जॉब संपला संध्याकाळी पावणेआठला. ५ तास ४० मिनिटं. कीबोर्डवर डब्ल्यू-ए-एस-डीच्या वरच्या पट्टीत बोट ठेववत नव्हतं. नकाशा पण धड नाही आला, पण त्याचं कारण वेगळं, ते खाली.

१३ एप्रिल

नकाशा का बिघडला ते कळलं. छाटणीनंतर बाग उघडीबोडकी, नुसते ओलांडे (तारेवर आडव्या नेलेल्या जाड फांद्या) आणि तारा. तार वरून एका पिक्सेलपेक्षा बारीक, एका फोटोत दिसते दुसऱ्यात नाही, त्यामुळे थ्रीडी मॉडेलमधे ओळी फाटल्यासारख्या झाल्या. मामांना फोन केला, म्हणलं मामा, पालवी फुटून मांडव जरा भरू द्या, महिनाभराने परत उडवू, मग मेलेलं झाड भोकासारखं दिसेल. ते म्हणाले, "अरे मग आत्ता कशाला उन्हात उभं केलं आम्हाला?" बरोबर आहे त्यांचं.

म्हणजे महिना मिळाला. तोवर हेच ४३६ फोटो परत परत चालवून लॅपटॉपचं काय दुखतंय ते बघायचं ठरवलं, कारण मे महिन्यात जॉब एकदा नाही, निदान पाच-सहा वेळा चालवावा लागणार.

१५ एप्रिल

मोजायला घेतलं. टर्बोस्टॅट नावाचा मोजणीचा प्रोग्राम चालू ठेवून दर ५ सेकंदाला तापमान, वॅट आणि क्लॉक (कोरचा वेग, गिगाहर्ट्झमधे) फाईलमधे. आधी मी नुसतं तापमान बघायचो, ते चूक. ९७ हा आकडा एकटा काहीच सांगत नाही, ९७ डिग्रीवर तो किती वॅट पचवतोय ते बघायला पाहिजे.

तर हा प्रोसेसर बेस ४५ वॅटचा आणि टर्बोला म्हणजे जोर लावला की ११५ पर्यंत जाऊ शकतो असा इंटेलचा हिशोब. दोन मर्यादा असतात, पीएल२ म्हणजे थोडा वेळ मारायची उडी आणि पीएल१ म्हणजे कायम चालायचं ते. माझ्या मशीनवर कंपनीने पीएल१ ६० वॅट ठेवलीय. आणि कमाल तापमान १०० डिग्री, तिथे पोचला की स्वतःच क्लॉक कमी करतो, त्याच्याही वर गेलं तर मशीन बंद पडतं. म्हणजे चिप जळेल ही भीती नाही, तेवढी अक्कल तिच्यात आहे. पण माझ्या लॉगमधे काय दिसलं? पहिले आठ सेकंद ९० वॅट, मग १००ला टेकला, मग घसरत घसरत तिसऱ्या मिनिटापासून शेवटपर्यंत ३१ वॅट, ९७ डिग्री, मोठ्या कोरचा क्लॉक २.१ च्या आसपास.

६० वॅट चालायचं मशीन ३१ वर धापा टाकतंय. म्हणजे उष्णता तयार होतेय ही अडचण नाही, बाहेर पडत नाहीये ही आहे.

हे लिहायला सोपं वाटतं पण गेलं वर्षभर मी "हा प्रोसेसरच गरम आहे बाबा" म्हणत बसलो होतो, आणि दर वेळी जॉब लावताना खिडकी उघडायचो. खिडकीबाहेर रस्ता खोदलेला. दिवसभर पोकलेन. धूळ कुठे जात असेल त्याचा विचार नाही केला.

२० एप्रिल, रविवार

उघडला.

एमजी रोडवरून आदल्या दिवशी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चिपची उष्णता हीटसिंककडे (ती बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाकडे) पोचवणाऱ्या पेस्टची ट्यूब आणली होती. खालचं झाकण दहा स्क्रूचं, त्यातले पुढचे दोन आखूड, ते वेगळे ठेवायचे नाहीतर उलट बसवताना पामरेस्टला टोक निघतं. सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढला.

वरून बघितलं तर स्वच्छ! पंख्याची पाती जरा करडी, बाकी काही नाही. मागच्या वर्षी एका दुकानातून सर्व्हिसिंग करून आणला होता, त्यांनी हेच केलं असणार, वरून ब्रश फिरवला, ब्लोअर मारला, पैसे घेतले. मग मी पंख्याचे तीन स्क्रू काढून पंखा उचलला आणि पंखा नि हीटसिंकच्या जाळीच्या मधे बघितलं तर तिथे चक्क गालिचा. खरंच गालिचा, विणलेला, करडा, दीड-दोन मिलीमीटर जाड, चिमट्याने एका कोपऱ्याला धरून ओढला तर पूर्ण पट्टी अख्खी निघाली, जाळीच्या रेघांचे ठसे तिच्यावर उमटलेले. मांजराचे केस, गोधडीचा धागा, आणि लालसर माती. उजवीकडच्या पंख्यापाशी तसाच दुसरा. हवा बाहेर जायला जागाच नव्हती, पंखा बिचारा त्याच गरम हवेला घुसळत होता.

बाहेरून ब्लोअर मारला तर हा पट्टा निघत नाही, उलट पंख्याच्या बाजूला ढकलला जातो आणि परत येऊन बसतो. आणि ब्लोअर मारायचाच असला तर पात्यात टूथपिक अडकवून, नाहीतर पंखा सुसाट फिरून बेअरिंगची वाट लागते.

मग हीटसिंक. त्याच्या स्क्रूंवर १, २, ३, ४ आकडे छापलेले असतात, काढताना उलट क्रमाने, थोडं थोडं, तिरपं. उचलल्यावर चिप बघून थांबलोच जरा. लॅपटॉपच्या चिपवर धातूची टोपी नसते, नागडं सिलिकॉन, आरशासारखं. पेस्ट मधे जवळपास नव्हतीच, आरसा दिसत होता, आणि कडेला सगळीकडे वाळलेली भिंत, पोळीच्या कडेला सुकलेलं पीठ असतं तशी. गरम होताना धातू आणि सिलिकॉन वेगवेगळे फुगतात, गार होताना आक्रसतात, प्रत्येक वेळी मधली पेस्ट थोडी थोडी बाहेर ढकलली जाते. पंप-आऊट म्हणतात ह्याला. सकाळ-संध्याकाळ पाच पाच तास तापवून गार केलेलं मशीन असलं तर लवकर होतं.

पुसून नवीन पेस्ट लावली, बंद केलं. दोन तास गेले, त्यातली वीस मिनिटं फरशीवर पडलेला एक स्क्रू शोधण्यात.

२१ एप्रिल

तेच फोटो, तीच सेटिंग, खोली ३४ डिग्री. ३ तास ५५ मिनिटं. ५२ वॅट कायम, ९४ डिग्री, क्लॉक २.८.

पावणेदोन तास त्या गालिच्यात अडकले होते. फोटो काढून ठेवलाय त्याचा, दुकानात दाखवायला जायचा विचार होता पण जाऊदे.

२४ एप्रिल

आता लोक म्हणतील झालं की. पण ९४ डिग्री अजूनही ९४च आहे, आणि पंखे पूर्ण वेगाने. चिपला ९४ चालतं, मान्य, पण तिच्या शेजारी बॅटरी आहे, एसएसडी आहे, आणि माझा तळहात आहे. लिथियम बॅटरीला उष्णता आणि फुल चार्ज दोन्ही एकत्र अजिबात मानवत नाही, ती फुगते किंवा लवकर म्हातारी होते. चार्जची मर्यादा आजपासून ८० टक्क्यांवर ठेवली, तसंही जॉब चालतो तेव्हा वायर लावलेलीच असते.

दुसरं, वॅट आपणहून कमी करून बघितले. ह्याच्यामागचं गणित मस्त आहे. चिप खाते ती वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि क्लॉकच्या प्रमाणात वाढते. क्लॉक वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, म्हणजे दुहेरी मार. उलट बाजूने बघा, व्होल्टेज १.२ वरून १ वर आलं तर वर्ग १.४४ वरून १, नुसत्या तेवढ्यानेच ३० टक्के वाचले, आणि क्लॉक १५ टक्के कमी झाला ते वेगळेच, एकूण ४० टक्के वीज कमी आणि काम मात्र १५ टक्क्यांनीच हळू. शेवटचे चारशे-पाचशे मेगाहर्ट्झ सगळ्यात महाग.

व्होल्टेज थेट कमी करायचा म्हणजे अंडरव्होल्टचा रस्ता माझ्याकडे बंद आहे. २०१९ मधे प्लंडरव्होल्ट नावाचं प्रकरण निघालं, व्होल्टेज मुद्दाम हलवून प्रोसेसरच्या सुरक्षित भागातली गणितं चुकवता येतात असं दाखवलं संशोधकांनी, त्यानंतर बहुतेक लॅपटॉपवर ती सोय कुलूपबंद. ठीक आहे. पीएल१ मात्र लिनक्समधून लिहिता येते, रॅपल म्हणून जागा आहे तिथे मायक्रोवॅटमधे आकडा टाकायचा. ३५ वॅट म्हणजे पस्तीसवर सहा शून्य, एक शून्य कमी टाकलं तर मशीन साडेतीन वॅटवर जातं आणि माऊस पण हलत नाही, हे मी करून बघितलंय.

तीन रात्री तीन जॉब:

मर्यादा न लावता ५२ वॅट, ९४ डिग्री, ३ तास ५५.
४५ वॅटला ८७ डिग्री, ४ तास ५.
३५ वॅटला ७६ डिग्री, ४ तास २५.

अर्ध्या तासात १८ डिग्री विकत मिळाल्या. वीज पण मोजली, ५२ वॅटने प्रोसेसरने साधारण २०४ वॅट-तास खाल्ले, ३५ ने १५५. बिलात कळणार पण नाही, तरी बरं वाटलं. आणि पंख्याचा आवाज असा की आईने रात्री विचारलं, बंद पडला का रे?

इथे एक कबुली, मी पहिल्यांदा ३५ लावलं तेव्हा मनात थोडं दुखलं, पैसे देऊन ४.७ गिगाहर्ट्झ घेतला आणि स्वतःच लगाम घालतोय म्हणून. पण तो ४.७ तर ह्या जॉबमधे सगळे कोर मिळून कधी दिसलाच नव्हता, ९० वॅटची उडी पण आठ सेकंदाचीच चैन होती.

२७ एप्रिल

एक गंमत सापडली. ३५ वॅट लावूनही ग्राफमधे मधेच ९३ डिग्रीचे काटे. आणि त्या वेळी वॅट बघितले तर फक्त २४! आधी वाटलं सेन्सर येडा झालाय.

मग जॉबच्या लॉगची वेळ जुळवली. फोटोंमधल्या खुणा शोधणं, जुळवणं, डेन्स पॉइंट क्लाउड (थ्रीडी ठिपक्यांचा दाट ढग) हे टप्पे सगळे कोर वापरतात. पण मधे काही टप्पे असे आहेत की एकच थ्रेड काम करतो, बाकी एकोणीस बसलेले. तेव्हा तो एकटा कोर ४.६-४.७ वर पळतो, सगळ्यात जास्त व्होल्टेजवर, आणि नखाएवढ्या चिपच्या एका कोपऱ्यात सगळी उष्णता एकाच ठिपक्यातून बाहेर पडायची. एकूण वॅट कमी, पण ठिपका तापतो. ह्याला वॅटची मर्यादा लागूच पडत नाही. कमाल क्लॉक ३.५ वर बांधला, काटे ७५ च्या आत आले, जॉब ९ मिनिटं लांबला. चालेल.

थ्रेड पण २० वरून १२ केले. त्याने वेळ जवळपास तेवढाच, पण रॅम ३१ वरून २२ जीबीवर आली, कारण प्रत्येक थ्रेड आपापले फोटो उघडून बसतो. आधी रॅम भरून सगळं एसएसडीवर सांडत होतं, ती ७१ डिग्रीला जायची ते पण थांबलं.

३० एप्रिल

अक्षय्य तृतीया. आमरस, कुरडया, झोप. काम नाही.

६ मे

अवकाळी. संध्याकाळी विजा, वारा, लाइट गेली, जॉब तीन तासावर होता. बॅटरीवर साधारण ५० मिनिटं काढता आली असती पण तोवर लाइट येईल ह्याची खात्री कोणाला, म्हणून बंद केला. ओपनड्रोनमॅपमधे ठराविक टप्प्यापासून पुन्हा सुरू करता येतं, ते माहीत होतं म्हणून शांत होतो.

लाइट आल्यावर चालू केला आणि परत ९४! मर्यादा गायब. चार्जर काढून लावला की मशीनचं फर्मवेअर (कंपनीने आत भरलेला प्रोग्राम) पीएल१ परत ६० करून टाकतं, रीस्टार्टला पण तेच. शिवाय ही मर्यादा दोन वेगवेगळ्या जागी लिहिलेली असते आणि जी कमी ती लागू होते, त्यामुळे एकीकडे बदलून दुसरीकडे बघत बसलो अर्धा तास. आता छोटी सर्व्हिस लिहिली, दर मिनिटाला आकडा तपासते आणि ३५ नसला तर परत लिहिते. दिसायला गावठी आहे, चालते.

१८ मे, रविवार

दुसरं उड्डाण. सारखा पाऊस, सकाळी सात ते साडेआठ उघडीप मिळाली. मामांचे पाय चिखलात, चेहरा त्याहून वाईट, एवढ्या पावसात डाऊनी (द्राक्षवेलीचा बुरशीसारखा रोग) येईल म्हणून फवारणीच्या मागे. "तुझं मशीन तापतंय म्हणतोस, इथे माझं डोकं तापलंय." पण बाग भरलीय छान, वरून हिरव्या दोऱ्या, आणि जिथे झाड नाही तिथे स्वच्छ भोक. ४५१ फोटो.

रात्री जॉब लावला आणि झोपलो. ही गोष्ट आधी कधी केलीच नव्हती, ९७ डिग्रीवर सोडून झोप लागायची नाही.

२८ मे

मान्सून परवा मुंबईत पोचला, १९५० पासूनच्या नोंदीत सगळ्यात लवकर म्हणे. खोली २६ डिग्री. म्हणजे एप्रिलपेक्षा ८ कमी, म्हणजे त्याच ३५ वॅटवर चिपसुद्धा ८ कमी हवी, साधारण ६८. खोली एक डिग्री उतरली की चिपही एक उतरते, हे मी एप्रिलमधे कूलर चालू-बंद करून पडताळलं होतं.

लॉगमधे ७५.

कोणाला वाटेल ७५ तर ७५, छान आहे. पण खोलीचा हिशोब धरला तर सात डिग्री कुठून तरी आल्या. जाळी बघितली, टॉर्च मारला, स्वच्छ. म्हणजे पेस्ट. महिनाभरातच पंप-आऊट, मी घेतलेली पेस्ट पातळ होती, डेस्कटॉपच्या टोपीवर चालत असेल, नागड्या चिपवर टिकत नाही. खोलीचं तापमान शेजारी लिहून ठेवलं नसतं तर कळलंच नसतं.

१ जून

ह्या वेळी पेस्ट नाही, फेज-चेंज पॅड, हनीवेल पीटीएम७९५०. मागवलेला. दिसायला करड्या चॉकलेटच्या वेष्टनासारखा, खोलीच्या तापमानाला घट्ट, ४५ डिग्रीच्या आसपास मऊ होऊन चिपवर पसरतो आणि गार झाला की परत घट्ट, त्यामुळे बाहेर ढकलला जात नाही. वरचा प्लॅस्टिकचा कागद सोलताना पॅडच फाटतो, म्हणून आधी फ्रीजमधे ठेवायचा. आईने लोण्याच्या डब्याशेजारी बघितला आणि विचारलं हे खायचं आहे का. लेबल लावायला पाहिजे होतं.

ह्या वेळी उघडणं-बंद करणं ३५ मिनिटात. एकही स्क्रू हरवला नाही.

पहिल्या दिवशी ७२ दिसलं, थोडी निराशा. त्याला दोन-चार वेळा तापून गार व्हावं लागतं.

५ जून

चार जॉबनंतर ६७, खोली २६. आता ह्याच्यावर हात लावत नाही.

लॅपटॉपच्या मागच्या पायांखाली बाटलीची चार बुचं चिकटवली, खालून हवा घ्यायला जागा झाली, त्याने ३ डिग्री कमी. अडीचशे रुपयांचा कूलिंग पॅड घेतला होता दोन वर्षांपूर्वी त्याने कधी एक पण केली नव्हती.

८ जून, रविवार

नकाशा दिला. चाळीस एकरात एकूण १,२१७ नांगे, त्यातले निम्म्याहून जास्त ओढ्याकडच्या एकाच पट्ट्यात, पाणी साचतं तिथे. मामांनी मोबाईलवर झूम करून बघितलं, काही बोलले नाहीत, उठून ३१ नंबरच्या ओळीत गेले आणि पायी मोजून आले.

"तुझ्या नकाशात चौदा. माझ्या मोजणीत सोळा."

गेलो बघायला. दोन ठिकाणी शेजारच्या वेलाचा ओलांडा मेलेल्या झाडाच्या जागेवरून पुढे नेलेला, वरून हिरवंगार, खाली खोड वाळलेलं. वरून दिसणारच नाही. मामा खूष, कारण सोळाच बरोबर निघाले.

ऑक्टोबर छाटणीच्या आधी परत उडवायचंय, ह्या वेळी तिरप्या कॅमेऱ्याने, म्हणजे फोटो दुप्पट, ९०० च्या घरात. ३५ वॅटवर नऊ-दहा तास धरतोय. रॅम पुरेल का ते आज रात्री जुन्या फोटोंवर बघतो, जॉब लावलाय, आत्ता ६६ डिग्री आहे.